अण्णांची उलटी फेरी

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या फाटकापासून बागेचं फाटक दोनशे ऐंशी पावलांवर आहे. हा आकडा मला गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हता. एकोणीस वर्षं शेजारी राहूनही मी त्या बागेत जेमतेम गेलो होतो. मुलगी लहान असताना झोपाळ्यासाठी, आणि नंतर एकदा डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा तीन आठवडे. पाहुणे विचारत, "इथे जवळपास बघण्यासारखं काय आहे?" मी प्रामाणिकपणे सांगत असे, "काही नाही."

गेल्या मे महिन्यात मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावाहून घेऊन आलो. आई जाऊन आठ महिने झाले होते. चिपळूणच्या पुढे आमचं गाव, तिथे ते एकटेच राहत होते. वय अठ्ठ्याहत्तर. विहिरीवर दोनदा पडले होते. दुसऱ्या वेळी पाऊण तास तसेच पडून होते, हे शेजाऱ्याने मला पंधरा दिवसांनी सांगितलं. पावसाळा तोंडावर आला होता. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यांची अट वेगळी होती. "एक महिना. एकतिसावा दिवस नाही." परतीचं तिकीट हातात पडल्याशिवाय ते घरातून निघाले नाहीत.

पहिले चार दिवस ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोर दुसऱ्या इमारतीची गॅलरी.

"तो समोरचा माणूस रोज बघतो, पण हसत नाही," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही तरी कुठे हसता?" माझी बायको म्हणाली.

"हसलो होतो की. सोमवारी."

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांना बागेत नेलं. बागेच्या मधोमध जुना वड आहे, त्याला पार बांधलाय आणि भोवती चालायची वाट आहे. एक फेरी चारशे दहा पावलांची. मी दोनदा मोजली, दुसऱ्यांदा चारशे आठ भरली. सकाळी पन्नास-साठ माणसं चालत असतात आणि सगळी एकाच दिशेने, वड डाव्या हाताला ठेवून. तसा बाण काढलेला बोर्डही आहे. अण्णांनी वड पाहिला, चपला काढून नमस्कार केला, चपला पुन्हा घातल्या आणि वड उजव्या हाताला ठेवून चालू लागले.

"अण्णा, इकडून. सगळे इकडून जातात."

"झाडाला उलटी प्रदक्षिणा? एवढी शिकलेली माणसं?"

"ही प्रदक्षिणा नाही हो. हा वॉक आहे."

"मध्ये वड आहे, भोवती माणसं फिरतायत. मग दुसरं काय असतं ते?"

एवढं बोलून ते वीस पावलं पुढे गेलेही. समोरून चार बायका एका ओळीत येत होत्या. त्यातली एक ओरडली, "आजोबा, वन वे आहे!"

"मग रिव्हर्स घ्या की!"

बायका हसत बाजूला झाल्या. अण्णांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली आहे. गर्दीतून वाट काढायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. लाज वाटत होती ती मला. त्यांच्या मागून चालत मी येणाऱ्या प्रत्येकाला "सॉरी हां" म्हणत होतो. वॉचमनने येऊन बोर्ड दाखवला. अण्णांनी त्याला गाव विचारलं. तो जळगावकडचा निघाला, केळीच्या बागांवर दहा मिनिटं बोलला आणि बोर्डाचं नाव पुन्हा काढलं नाही.

बागेतल्या तिसऱ्या दिवशी मी अण्णांचा नाद सोडला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांसोबत चालू लागलो. तेव्हा एक साधा हिशेब लक्षात आला. सारख्या वेगाने एकाच दिशेला चालणाऱ्या दोन माणसांची गाठ कधीच पडत नाही. उलट दिशेने चालणारा मात्र प्रत्येकाला एका फेरीत दोनदा भेटतो, तोही समोरासमोर. मला आठवडाभर पुढच्या माणसाच्या टी-शर्टची पाठ दिसली. अण्णांना तेवढ्याच दिवसांत सगळी बाग ओळखू लागली.

घरी चहा पिताना ते बातम्या सांगत. कुणाचा मुलगा पुण्याला गेला, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. एक दिवस म्हणाले, "तो समोरच्या गॅलरीतला येतो बागेत. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय त्याची. सकाळचा एक तास तेवढा बाहेर पडतो." मी त्या माणसाला नऊ वर्षं पाहत होतो.

विसाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "रविवारी आम्ही पाच जण अंबरनाथचं देऊळ बघायला जातोय. तू येतोस?"

ते देऊळ हजारेक वर्षांचं आहे आणि माझ्या घरापासून रिक्षाने तासाभराच्या आत येतं. मी ते पाहिलेलं नव्हतं. दोन रिक्षांतून आम्ही गेलो. समोरच्या गॅलरीतला माणूसही त्या दिवशी बायकोपाशी बहिणीला बसवून आला होता. काळ्या दगडाच्या भिंतींवर बोटभरही जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. मी एका कोपऱ्यातल्या मूर्ती मोजायला घेतल्या आणि चाळिसावर सोडून दिल्या. गाभारा जमिनीच्या खाली आहे. उतरायला वीसेक पायऱ्या, ओल्या. अण्णा वर थबकले. मी पटकन हात पुढे केला.

"मी काय आंधळा आहे?" त्यांनी तो झटकला.

मग समोरच्या गॅलरीतल्या माणसाने आपलं कोपर पुढे केलं. अण्णांनी ते धरलं आणि दोघं एकेक पायरी खाली उतरले. वर आल्यावरही अण्णांनी ते कोपर लगेच सोडलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढं वाटलं नाही.

सत्ताविसाव्या दिवसापासून मी त्यांच्या राहण्याचा विषय टाळत होतो. राहा म्हणून आग्रह केला तर ते हमखास जातील, हे मला पन्नास वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. बायकोने त्यांची धोतरं इस्त्री करून बॅगेशेजारी ठेवली होती.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी त्यांनी गावी शेजाऱ्याला फोन लावला. फोनवर ते एसटीत बोलायचे त्याच आवाजात बोलतात. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो.

"अरे, मी पावसाळ्यात येत नाही. पन्हळी साफ करून घे आणि मागच्या पडवीत ताडपत्री लाव. दिवाळीनंतर बघू... छे रे, कंटाळा कसला? परवा टिटवाळ्याला जायचंय, मग कल्याणला खाडीवर. इथल्या माणसांनी इथलंच काही बघितलेलं नाही. दाखवायला कुणीतरी नको?"

"अहो, ऐकलंत?" बायकोने हळूच विचारलं.

ऐकलं होतं. तरी मी म्हटलं, "काय म्हणाले, पुन्हा सांग."