तीन-तीन फूट

नकाशावर दहा घरं होती आणि जागेवर बारा कुटुंबं. भांडण तिथून सुरू झालं.

नांदेडच्या जुन्या वस्तीत गल्लीला लागून नव्वद फूट लांबीची एक जागा होती. बारा कुटुंबं तिथं पत्र्याच्या खोल्यांत राहायची, नळ एकच. सगळ्यांनी मिळून ती जागा विकत घेतली आणि मिळूनच पक्की घरं बांधायची ठरवली. बांधकामाचा गुत्ता, म्हणजे ठेका, माझ्याकडे आला. गल्लीत सिमेंटचा ट्रक शिरत नाही, त्यामुळं उंच इमारतीचा विषयच नव्हता. तळमजला आणि त्यावर एक मजला, बस.

नकाशा लातूरच्या एका आर्किटेक्ट साहेबांनी काढला. मजल्यावर पाच घरं, प्रत्येक अठरा फुटांचं. दहा फूट बैठक, आठ फूट स्वयंपाकघर.

"दहाच बसतात," साहेब म्हणाले. "शेवटच्या दोघांना पैसे देऊन मोकळं करा."

शेवटचे दोघं म्हणजे दारोदार बांगड्या भरणारी एक विधवा मावशी आणि कानानं ऐकू न येणारा एक शिंपी. दोघांची नावं कागदावर सगळ्यात उशिरा चढली होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी म्हटलं, "पंधरा फुटांचं घर करा. मजल्यावर सहा बसतात."

"गुत्तेदार, तुम्ही भिंती बांधा. विचार करायचं काम आमच्याकडे राहू द्या."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही आणि विसरायचा विचारही नाही. मी घमेली वाहत मिस्त्री झालो आणि मिस्त्रीचा गुत्तेदार. नकाशा वाचायला मला कुणी शिकवलं नाही. चुकीची भिंत दोनदा पाडावी लागली, तेव्हा वाचता यायला लागला.

"दहाही घरांनी तीन-तीन फूट सोडले तर सही कराल?" मी विचारलं.

साहेब हसले. "आपल्याकडे भाऊ भावाला वीतभर जागा सोडत नाही."

"सोडले तर?"

"तर करतो."

हा शब्द मी दोन माणसांसमोर घेतला.

माझा बाप अहमदपूरकडच्या बैलबाजारात दलाल होता. तिथं सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. कुणी कमी बोललं, कुणी नमलं, ते झाकलेलं राहतं. माणूस नमतो तो बहुतेक झाकलेलाच नमतो, हे मी बापाकडून शिकलो.

नळाजवळच्या कट्ट्यावर दहा घरांच्या कर्त्या पुरुषांना मी एकेक करून बसवलं. आधी रिक्षावाला. त्यानं उपरण्याखाली एक बोट दाबलं, म्हणजे एक फूट.

मी म्हटलं, "एवढ्यात मावशीची बांगड्यांची पेटीसुद्धा मावायची नाही."

"तुमी लई पिळून राहिले, गुत्तेदार."

"पिळल्याशिवाय रस निघतो का?"

तासाभरानं तो तीन बोटांवर आला. दुपार टळेपर्यंत दहाही जण आले. कुठून घ्यायचे म्हणून विचारलं, तर प्रत्येकाचं एकच उत्तर, "आतून घ्या." आतून म्हणजे स्वयंपाकघरातून. बैठकीला कुणी हात लावू दिला नाही. मला त्यात काही खटकलं नाही. मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं एक अख्खं घर खऱ्या मापाचं आखलं आणि सगळ्यांना बघायला बोलावलं. रिक्षावाल्याची बायको त्या पाच फुटांच्या स्वयंपाकघरात, दोन फुटांचा ओटा आखून उरलेल्या जागेत, जाऊन खाली बसली. भाकरी थापायला बसतात तशी, दोन्ही कोपरं बाहेर काढून. दोन्हीकडं कोपरं फक्कीच्या रेघेवर गेली.

"भिंत हितं हाय व्हय? मग परात कुठं ठिवू?"

"मोरीकडं सरका थोडं," मी म्हटलं.

"मोरीत भाकरी थापू?" बाकीच्या बाया हसायला लागल्या. "हे फूट दिले कुणी?" तिनं विचारलं.

रिक्षावाला आभाळाकडं बघत होता.

"दिले त्यानंच भाकरी थापायच्या मग," ती म्हणाली आणि पदर झटकून उठली.

संध्याकाळपर्यंत दहाही घरांनी शब्द मागं घेतला. अंधार पडताना बांगड्यावाली मावशी माझ्याकडं आली. "ऱ्हाऊ दे बाबा, मी जाते लेकीकडं बिलोलीला."

मी तिच्यावरच ओरडलो. "तुम्हाला कुणी विचारलं? गप बसा." चूक माझी होती आणि ऐकून घेतलं तिनं. ते मला आजही टोचतं.

घरी बायकोनं ताट वाढताना विचारलं, "दिवसभर चुलीपुढं कोण ऱ्हातं? त्यांना इचारलं का?"

"बायांचा हात मी उपरण्याखाली कसा धरू?"

"तुमी कशाला? मी हाय की."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या कट्ट्यावर बसली, पदराखाली एकेकीचा हात घेऊन. मला लांब उभं राहायला सांगितलं होतं. तिन्हीसांजेला निकाल घेऊन आली. दहाही घरांचे तीन-तीन फूट. दोन बैठकीतले, एक स्वयंपाकघरातला. आणि एक अट. गच्चीवर पत्र्याची एक मोठी खोली, सगळ्यांची मिळून.

पुरुष चिडले. "आठ फुटांच्या बैठकीत पाहुणे कुठं बसवायचे?"

"गच्चीवर," रिक्षावाल्याची बायको म्हणाली. "बारा घरचे पाहुणे एकाच दिवशी येतेत का?"

आठ फुटांची बैठक नियमात बसत होती, साहेबांच्या मनात बसत नव्हती. मी त्या दोन माणसांना सोबत घेऊन लातूरला गेलो आणि त्यांच्यासमोर सही घेतली.

आज तिथं बारा कुटुंबं राहतात. मावशी तळमजल्यावर शेवटच्या घरात, शिंपी तिच्या वरच्या. गच्चीवरच्या खोलीत उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजतो आणि लग्नसराईत नवरदेवाकडची माणसं बसतात.

मागच्या वर्षी साहेबांनी लातूरच्या एका कॉलेजात या घरांवर भाषण दिलं. पडद्यावर आमची गल्ली, आमची गच्ची आणि खाली त्यांचं नाव. एका पोरीनं विचारलं, "सर, बैठक लहान करायचं कसं सुचलं?"

"लोकांच्या गरजांचा अभ्यास केला," साहेब म्हणाले.

बातमी कळली म्हणून मीही गेलो होतो, मागच्या रांगेत बसलो होतो. उभा राहिलो.

"साहेब, अभ्यास नंतर सांगा. आधी चूक झाली होती, ती सांगा."

"कोणती चूक?"

"तुम्हाला कशी माहीत असणार? ती माझी आहे."

ते म्हणाले, वेळ कमी आहे, नंतर बोलू. संयोजकांपैकी एकानं मला हातानं बसायची खूण केली. मी बसलो नाही. पोरं माझ्याकडं वळली होती. मी त्या पोरीला पाच फुटांच्या स्वयंपाकघरापासून सांगायला सुरुवात केली, आणि पुरुषांनी दिलेले फूट मुळात कुणाचे होते तेही सांगितलं.