मुलगी कुठे देऊ नये

मथळा वाचून दाखवला की शेखर सर शर्टाची बाही वर सारून स्वतःच्या हाताकडे बघायचे. केस उभे राहिले तर मथळा पास. नाही राहिले तर, "नाही हो मॅडम, काटा आला नाही," म्हणून परत लिहायला लावायचे. तो केसाळ हात टेबलावर पसरलेला आणि समोर आम्ही तिघी जणी 'सासूनं सुनेच्या ताटात काय वाढलं' छापाचे मथळे वाचतोय. शी! दोन वर्षं मी हे केलं आणि वर पगारही घेतला.

आमचं ऑफिस पिंपळे सौदागरला, एका केकच्या दुकानावर. आमची वेबसाइट कुणाला सापडत नाही, अशी तक्रार घेऊन कंपन्या यायच्या. मग आम्ही त्यांच्या वेबसाइटवर असं काहीतरी चमचमीत लिहायचं, की बातम्यावाल्यांनी, ब्लॉगवाल्यांनी आपापल्या पानावर त्याची लिंक द्यावी. जितक्या लिंका, तितकी वेबसाइट शोधात वर. मी नवीन होते तेव्हा म्हणाले होते, की सर, चांगलं लिहूनही लिंका मिळतील की. सर हसले. "चांगलं वाचून माणूस गप्प बसतो हो. चिडला की चार जणांना सांगतो. आणि शिव्या घालायच्या तरी लिंक द्यावीच लागते ना?" हे ते दिवसातून एकदा म्हणायचेच, बहुतेक वेळा तोंडात भडंग भरलेलं असताना.

बरं, माणूस दुष्ट म्हणावा तर तसंही नाही, हाच तर वैताग! आईचा गुडघा सुजला तेव्हा मी न मागता मला तीन दिवस सुट्टी दिली, वर रोज फोन करून चौकशी केली. पण कुणी मन मोकळं करायला लागलं की हे ऐकता ऐकता माल चाचपतात, हे मला हळूहळू कळलं. ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशी एकदा जावयाच्या मारहाणीचं सांगून रडल्या. सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत ते रडणं एका कुलपांच्या कंपनीच्या वेबसाइटवर चढलं.

मग लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाइटचं काम आलं. मथळा सरांनीच ठरवून ठेवला होता: 'मुलगी कुठे देऊ नये'. मुलांच्या नोकऱ्यांची यादी करायची आणि प्रत्येक नोकरीला दहापैकी गुण द्यायचे. कशावरून द्यायचे, असं विचारलं तर म्हणाले, "मनानं द्या. लोक भांडणार ते गुणांवरूनच." मी एका दुपारीत यादी उरकली. तळाला टाकलं, चाकणला कंत्राटी काम आणि कायम तिसरी शिफ्ट. तिथे काय लिहायचं ते शोधावं लागलं नाही. माझा धाकटा भाऊ संदीप हेच करतो. रात्रभर कंपनीत आणि दिवसा रहाटणीतल्या आमच्या दोन खोल्यांत झोपलेला. मी लिहिलं, 'ज्या घरात दुपारी कुकरची शिट्टी वाजवायचीही चोरी, तिथे मुलगी देऊ नये.' सरांच्या हातावर काटा आला. सगळ्यांना फिरून दाखवला त्यांनी.

लिंका धो धो आल्या. कामगारांच्या बाजूचे चिडले, मुलींचे बाप खूश झाले, आणि दोघांनीही लिंक दिली. यादीवर माझं नाव नव्हतं. सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

त्याच दिवसांत संदीपचं मंचरकडचं स्थळ जमत आलं होतं. दोघांची पसंती झाली होती, फोनवर बोलणं सुरू झालं होतं, आई साखरपुड्याची साडी बघत होती. एका रविवारी सकाळी मुलीचे वडील एकटेच आले. चहाही नको म्हणाले.

"राग मानू नका ताई," ते आईला म्हणाले. "पोरगं गुणाचं हाय. पण आमच्या पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं. ज्या घरात दुपारी कुकरची शिट्टी वाजवायचीबी चोरी, तितं पोरीनं नांदायचं कसं?"

आई काकुळतीनं सांगत राहिली, की अहो, शिट्टीनं आमच्या संदीपला जागसुद्धा येत नाही. खरंच येत नाही. ते मी रंगवून लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं आणि पान काढून टाका म्हटलं. त्यांनी दार लोटून घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं. त्यांचे डोळेही भरून आले. पान काढलं तर सगळ्या लिंका वाया जातील, हे अगदी हळू आवाजात समजावलं. मग म्हणाले, "मॅडम, हेच लिहा. 'माझ्या यादीनं माझ्या भावाचं लग्न मोडलं.' बघा काय उचलतात लोक!"

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, 'यादीनं' नको, 'एका वाक्यानं' हवं. सर बोलत होते आणि मी मनातल्या मनात मथळा सुधारत होते. एवढी किळस मला सरांचीही कधी आली नव्हती.

नोकरी सोडली. सरांनी निरोपाला खालच्या दुकानातून केक मागवला, माझं नाव घातलेला. पान अजून तिथेच आहे.

परवा जेवताना संदीपनं ते मला दाखवलं. लिहिणारा आपल्यातलाच कुणीतरी असणार, म्हणाला, बाहेरच्याला एवढं सुचत नाही. मग भाकरी मोडत शांतपणे म्हणाला, "ताई, तू याच लाइनमध्ये होतीस ना? बघ कोण आहे ते. मला फक्त त्याला एकदा विचारायचंय."

"बघते," म्हणाले मी.