पिवळ्या मार्करची खूण

कंपनीच्या गणपतीतल्या नाटकात मी बारा वर्षं राजा झालो आणि बारा वर्षं तिसऱ्या अंकात रडलो, तेही ग्लिसरीनशिवाय. पण चाकणची आमची कंपनी कायमची बंद झाल्याची नोटीस गेटवर लागली, त्या दिवशी डोळ्यांत टिपूस नाही. घरी येऊन दोन वाट्या आमटी प्यायलो. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बोला." मी म्हणालो, "मीठ बरोबर आहे."

पुढचं सगळं तसंच. भोसरीत गाळा घेतला, पत्र्याचे नग काढायचा जुना प्रेस बसवला, लोकांना पेढे वाटले, भाषण ठोकून टाळ्याही घेतल्या. आत मात्र इंजेक्शन दिलेली दाढ. जीभ फिरते, लागत काही नाही.

पहिलं काम मिळालं एका ब्रॅकेटचं. शनिवारपर्यंत नमुन्याचे पन्नास नग द्यायचे आणि प्रत्येकावर आमचा लोगो ठोकलेला हवा. नग खराब निघाला तर कोणाची मानगूट धरायची, हे कळायला. लोगो नसेल तर नमुने गेटवरूनच परत, काम दुसऱ्याला.

माझी भाची ताथवड्याला डिझाइन शिकते. तिला मी लोगो सांगितला: मध्ये दातेरी चाक, मागे उगवता सूर्य, चाकात माझं आणि बायकोचं आद्याक्षर, खाली इंद्रायणीच्या दोन लाटा.

"मामा, आणि पडदा कुठून वर जातो?"

"चेष्टा नको. काढ."

बिचारीने किरणंसुद्धा मोजून काढली.

लोगो ठोकायचा पोलादी पंच कोरून देणारे म्हातारबाबा चिखलीचे. त्यांनी कागद लांब धरला, मग जवळ. "राव, ही लग्नपत्रिका हाय व्हय?"

"लोगो आहे."

"जागा सहा मिलिमीटर. ठोकलं की तुमचा सूर्य, नदी, बायको, समदा एक डाग. दोन रेघांत सांगा, कोण हाय तुमी. उद्या सकाळी आणा, नंतर मला जमायचं न्हाई."

कोण हाय तुमी! राजाचे संवाद अजून पाठ होते, ते काही उपयोगी पडेनात.

त्या संध्याकाळी भाची कागद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसली. "मामा, विचार करू नका. हात जाईल तसं काढा."

हात गेला. आडवा लंबगोल, मधून तिरकी रेघ. एका दमात.

"भारी! इतका वेळ कुठे होतं हे?"

बायकोने कणीक मळणं थांबवलं. "ह्यांच्या शर्टाच्या खिशावर. बावीस वर्षं मीच धुतलंय."

बंद पडलेल्या कंपनीचा लोगो काढला होता मी. भाची माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आता मामा रडणार म्हणून. मीही जरा वाट पाहिली. काही आलं नाही.

बायकोने पिठाचं बोट भिंतीकडे केलं. तिथे कॅलेंडरवर दूध आलं त्या प्रत्येक तारखेला माझी खूण होती: आखूड रेघ खाली, लांब रेघ वर, पोटात ठिपका. कंपनीत मी तपासणीला होतो. बरोबर नगावर पिवळ्या मार्करने खूण करायची. प्रत्येक तपासणाऱ्याची खूण वेगळी, म्हणजे चुकीचा नग पुढे गेला तर माणूस सापडतो. घरी ती गॅसच्या टाकीवर होती, पापडाच्या डब्यावर होती.

"बाळंतपणाच्या फाइलवरसुद्धा केली होती," बायको म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी पास झाली वाटतं."

भाचीने खूण बारीक करत करत मुंगीएवढी केली. "मामा, लहान केली तरी मरत नाही. आणि दुसऱ्या कोणाची नाही."

म्हातारबाबांनी कागद एकदाच बघितला. "हां. आता कळलं."

नमुने पुढे पास झाले, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच जीव टांगणीला नको. मला सांगायचं आहे ते शुक्रवारचं. म्हातारबाबांचा पंच बसवलेला प्रेस खाली आला, पहिला ब्रॅकेट निघाला. मी बोटाने कडा तपासल्या, भोकं गेजने पाहिली. बरोबर होता. खिशातला पिवळा मार्कर काढला, टोपण दातांत धरलं आणि हात खाली नेला.

खूण आधीच होती.

"काय झालं?" गाळ्यात मदतीला आलेल्या बायकोने विचारलं.

तोंडात टोपण होतं, म्हणून मी नुसती मान हलवली. मग ते मार्करला लावलं, मार्कर खिशात ठेवला आणि दुसरा नग उचलला.