मास्तरांच्या घराचा भाव

सिनेमातला हीरो दाराला लाथ मारतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात आणि मी दाराकडे बघतो. सवय आहे. माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. मीरा-भाईंदरमध्ये एखादी जुनी इमारत नव्याने बांधण्यासाठी पाडायला काढली, की तिच्यातली दारं, चौकटी, ग्रिल, सरकत्या काचा मी एकदम उचलतो आणि मोरव्याच्या माझ्या गोदामातून सुट्या विकतो. चांगलं सागवानी दार बिजागऱ्यांवरून सुखरूप उतरवायला मला दोन माणसं, एक पहार आणि अर्धा तास लागतो. हीरोला एक बूट पुरतो. दार कडीकोयंड्यासकट आडवं होतं आणि हीरो त्याच्यावरून चालत आत येतो. अशा वेळी मला राग येतो तो ते दार बसवणाऱ्या सुताराचा.

मारामारीचे सिनेमे मला आवडत नाहीत असं नाही. उलट मी तेच बघतो. पण ते काढणाऱ्यांनी जन्मात कधी गाळा भाड्याने घेतलेला नसावा. शेवटची मारामारी नेहमी एका भल्यामोठ्या रिकाम्या गोदामात होते. वर साखळ्या लोंबतात, कडेला पिंपं असतात, बाकी काही नाही. भाईंदरला एवढी जागा आठवडाभर रिकामी राहिली तर मालक अंथरूण धरेल. हे गुंड तिथे नेमका कसला धंदा करतात, पिंपांत काय होतं, ते कधी संपलं, कोणी सांगत नाही. आणि त्यांचे सौदे तर विचारूच नका. एक जण बॅग उघडतो, दुसरा बॅग उघडतो, दोघे मान हलवतात, झालं. 'जरा कमी करा' एवढंही कोणी म्हणत नाही. पहिल्या आकड्याला मान हलवणारा माणूस गुंड असूच शकत नाही. असा माणूस माझ्याकडे आला तर मी त्याला गंजलेल्या चार ग्रिल विकीन आणि वर रंगाचा डबाही विकीन.

रडायचे सिनेमे ही बायकोची आवड. आमचं लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं, एक रविवार तिच्या पसंतीचा, पुढचा माझ्या. सिल्व्हर पार्कात स्वतःचं घर झालं, हातगाडी जाऊन टेम्पो आला, तरी हा करार तसाच राहिला. मी लालबागहून इकडे आलो तेव्हा माझ्याकडे भाड्याची हातगाडी आणि तिच्यावर एकच खिडकी होती. त्या दिवसांत आठवड्यातली हीच तेवढी चैन होती, आणि ती मी कधी सोडली नाही.

तिच्या सिनेमांत श्रीमंत बाप हमखास गरीब पोरासमोर कोरा चेक ठेवतो. माझ्या मुलीला विसर, हवा तो आकडा घाल. उभ्या आयुष्यात मला असं गिऱ्हाईक भेटलेलं नाही. आणि हा पोरगा तो चेक फाडतो, तोही चार तुकडे करून.

"त्याचं प्रेम आहे तिच्यावर," बायको कुजबुजायची.

"असू दे की. चेक खिशात ठेवून प्रेम करता येत नाही का?"

यापुढे मला बोलता यायचं नाही, कारण तोवर तिचा चिमटा आलेला असायचा. ती नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायची आणि मी तोंड उघडण्याच्या बेतात असलो, की डाव्या कोपराच्या वर चिमटा काढायची. इतक्या वर्षांत तिला अंदाज आला होता. माझा श्वास बदलला की तिला कळायचं. त्या चिमट्यामुळे मी आजवर कितीतरी थिएटरांतून इज्जतीने बाहेर आलो, हे मी कबूल करतो.

मग तो मास्तरांचा सिनेमा आला.

रविवार तिचा होता. पडद्यावर एक निवृत्त मास्तर, नदीकाठचं त्यांचं घर, आणि घर हडपायला टपलेला एक बिल्डर. घर म्हणजे काय सांगू. समोर अख्ख्या लाकडाचे चार खांब, नक्षीचं दार, दाराला पितळी कड्या. मी पहिल्या दहा मिनिटांत सगळा माल बघून घेतला होता. शेवटाकडे मास्तरांच्या मुलांनी पाठ फिरवली, सून माहेरी गेली, बिल्डरने कागद पुढे केले आणि म्हणाला, चाळीस लाख. मास्तरांनी पेन उचललं. अख्खं थिएटर रडत होतं. बायकोही रडत होती, आणि तिचे दोन्ही हात रुमालात होते. चिमटा आला नाही.

मी उभा राहून ओरडलो, "काका, साइन मत करना. पहले आखिरी भाव पूछो तो सही."

मग मागून एक जण अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "अंकल, बैठ जाओ. घर बिक गया."

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांत पाणी असलेली माणसं हसत होती. बायकोने रुमाल पर्समध्ये टाकला, उठली आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत निघून गेली. मीही तिच्या मागे निघालो, पण रांग माणसांनी भरलेली होती, लोक मला वाट देता देता हातही मिळवत होते. बाहेर आलो तर ती नाही. मी विचार केला, स्कूटर खाली पार्किंगमध्ये आहे, ती तिथेच येणार. तिथे एका खांबाजवळ पाऊण तास उभा राहिलो. ती आली नाही. ती केव्हाच रिक्षाने घरी गेली होती.

घरी पोचलो तर तिने फक्त एवढंच विचारलं, "झालं समाधान?"

मीही तापलेला होतो. चूक म्हणाल तर काय, चाळीस लाखांना ते घर देणं ही चूक होती, ते बोलून दाखवणं नव्हे. आणि पाऊण तास वाट बघितली हे मी सांगितलं नाही. धंद्यात पहिली गोष्ट मी ही शिकलो, की आपण वाट बघत होतो हे समोरच्या पार्टीला कळू द्यायचं नाही. कळलं की आपली बाजू पडली. म्हणून मी म्हणालो, "झालं."

त्यानंतर दोन दिवाळ्या ती माझ्याबरोबर सिनेमाला आली नाही. बेव्हर्ली पार्कातल्या तिच्या भिशीच्या बायकांबरोबर जायला लागली. मी विचारायचो, "कोणता बघितलात?" ती म्हणायची, "तुम्हाला नसता आवडला. स्वस्तात गेला." टोमणा मारताना चेहरा सरळ ठेवायचा हे तिने माझ्याकडूनच उचललेलं. त्यात त्या दिवशीचा प्रेक्षक कोण होता कुणास ठाऊक, गोष्ट भाईंदरभर झाली. मी गिऱ्हाइकाला दाराची किंमत सांगितली, की गिऱ्हाईक आपल्या सोबत्याला म्हणायचं, "आखिरी भाव पूछो तो सही." माझ्याच गोदामात, माझ्याच वाक्याने माझाच भाव पाडायचे.

मी एकटा जायला लागलो. दुपारचे खेळ, मारामारीचे. एका सिनेमात हीरो सलग अकरा काचांतून पार झाला आणि त्याला फक्त भुवईवर लागलं. मी डावीकडे वळून म्हणालो, "कडक, न फुटणारी टफन काच असती तर हा आडवा झाला असता." डावीकडे कोणाची तरी बॅग ठेवलेली होती. मी त्या बॅगेचा राग घेऊन घरी आलो.

माझ्याकडे मोरव्याचेच एक म्हातारे सुतार कामाला आहेत. दारांना पॉलिश मारता मारता ते सगळं ऐकून असतात. त्यांनी एकदा विषय काढलाच.

"शेठ, तुमी बोलले ते बरोबर हाय. मास्तर येरा व्हता, अक्कल नाय त्याला. पन वहिनींना सरल सांगा ना, माझ्याबरोबर चला म्हून."

"सरळ सांगितलं की भाव जातो, काका."

"बायको काय पार्टी हाय का?" ते म्हणाले आणि पुन्हा दाराला पॉलिशचा कागद घासायला लागले. "मंग जावा एकटं."

मी त्यांचं अर्धंच ऐकलं. घरी जाऊन विषय काढला, पण सरळ नाही काढला. ती मेथी निवडत होती.

"येत्या रविवारी तुमच्या भिशीचं आहे काय?"

"नाही. त्या सिनेमाभर स्वतःचे फोटो काढतात. कंटाळा आला."

मी ओळखलं, माल हलतोय. "मग मी येईन म्हणतो."

"एकही शब्द बोलायचा नाही."

"दहा वाक्यं."

"एकही नाही."

"शून्यावर कुठे सौदा होतो का? सात."

"मग राहू दे," असं म्हणून ती मेथीचं ताट उचलून आत निघाली. दुकानाच्या दारापर्यंत जाऊन गिऱ्हाईक मागे वळतं की नाही याची परीक्षा मी आयुष्यभर घेतली. ती वळली नाही.

"पाच," मी ओरडलो. "बरं, तू सांग."

आतून आवाज आला, "तीन. कानात. आणि मराठीत."

इतका पडता सौदा मी हातगाडीच्या दिवसांतही केला नव्हता. पण मला माझी खुर्ची परत हवी होती, तिच्या उजव्या हाताची. मी हो म्हणालो.

सिनेमा अर्थातच रडायचा. एका विधवेची गोष्ट. पहिलं वाक्य मी मध्यंतराच्या आधीच घालवलं. गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आणि घराला सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, हे बघून राहवेना. दुसरं घालवलं डॉक्टरवर, जो बाहेर येतो, चष्मा काढतो आणि आता देवाचा धावा करा म्हणतो. "मग याची फी कशाला?" मी कानात विचारलं. तिने चिमटा काढला, पण सौम्य. दोन दिवाळ्यांनंतरचा पहिला. मी गप्प बसलो, बरं वाटत होतं.

मग ती विधवा नवऱ्याचं शिलाई मशीन विकायला निघाली, आणि घरात शिरला जुनं सामान घेणारा. आता हा माणूस मी शंभर सिनेमांत बघितलाय. तोंडात पान, गळ्यात साखळी, एक डोळा बारीक. याने त्या बाईचे अश्रू बघितले, मशीनला पायाने ढकललं आणि चिल्लर तिच्या हातावर ठेवून हसला. अरे, मशीनला पाय कोण लावतं? मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांतलं सामान उतरवतोय. देवघराचं दार असेल तर माझी माणसं चपला बाहेर काढतात. माझा श्वास बदलला. माझ्याकडे एक वाक्य होतं आणि ते कानात मावणारं नव्हतं. मी खुर्चीचा दांडा धरून ठेवला.

तेवढ्यात मागचा माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "ये कबाडीवाले सब चोर होते हैं."

मी वळायच्या आत बायको वळली.

"सब नहीं होते, भाईसाब," ती चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाली. "हमारे मिस्टर का यही धंदा है. और वो मशीन को पाँव नहीं लगाते."

आजूबाजूच्या चार रांगा आमच्याकडे बघायला लागल्या. मागचा माणूस म्हणाला, "सॉरी आंटी." ती अजून काही बोलणार होती, मला तिच्या श्वासावरून कळलं. मी तिच्या उजव्या कोपराच्या वर एक चिमटा काढला. ती पुढे वळली आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली, आणि पडद्यावर ती विधवा रडत राहिली.

सुटल्यावर आम्ही खाली पार्किंगमध्ये आलो. ती म्हणाली, "तुमचं एक वाक्य उरलंय. बोला आता, इथे कोणी नाही."

मी सिनेमावाल्यांवर मोठं भाषण तयार केलं होतं. पान, साखळी, बारीक डोळा, सगळं. पण स्कूटर योगायोगाने त्याच खांबाजवळ लावलेली होती, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"त्या दिवशी मी इथेच उभा होतो."

"कोणत्या दिवशी?"

"मास्तरांच्या. तू उठलीस, मी मागोमाग उठलो. इथे उभा राहिलो पाऊण तास."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत बसला नव्हता?"

"कशाला बसू?"

"मला वाटलं, घर कितीला गेलं ते बघूनच आलात. मी रिक्षात रडत गेले आणि हे भाव बघत बसले, असं वाटलं मला. दोन वर्षं."

"ओरडलो म्हणून रागावलीस ना?"

"ओरडण्याचं काय? तुम्ही भाजीवालीवरही ओरडता." तिने पर्स खांद्यावर सारखी केली. "सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

यावर जो चिमटा आला तो मात्र सौम्य नव्हता.

स्कूटर बाहेर काढता काढता तिने विचारलं, "मग त्या मास्तरांचं शेवटी झालं काय?" मी म्हणालो, मला काय माहीत. भिशीतल्या कोणाला तरी माहीत असेल, सुतारकाकांनाही असेल, पण आम्ही अजून कोणाला विचारलेलं नाही. आमच्या दोघांपुरतं मास्तरांचं पेन अजून हातातच आहे, आणि चाळीसला ते घर द्यायचं नाही यावर आता घरात एकमत आहे. ती साठ म्हणते. मी त्या चार लाकडी खांबांचे वेगळे धरतो.