मास्तरांच्या पोटातले तीसजण

टेलर मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलत. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, मास्तर गुडघ्यांवर बसून पँटची मोहरी दुमडताहेत, गालात सहा टाचण्या, आणि तरीही सरकारपासून शेजाऱ्याच्या जावयापर्यंत सगळ्यांवर मत देणं चालू. चाळीस वर्षांत एक टाचणी गिळली नाही की एक शब्द अडखळला नाही. ही कला पुढे बायकोला फसवायला कामी येईल, असं मात्र त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बायकोला फसवणं सोपं नव्हतं. बत्तीस वर्षं त्या शाळाशाळांतून मुलांना जंताच्या गोळ्या देत फिरल्या होत्या. गोळी समोर चावायची, मग "जीभ वर कर" म्हटलं की जीभ वर करायची. गावातली निम्मी मोठी माणसं अजूनही बाई रस्त्यात दिसल्या की नकळत तोंड उघडायची. निवृत्त झाल्यावर बाईंच्या तावडीत एकच विद्यार्थी उरला. दर सहा महिन्यांनी, पहिल्या रविवारी, न्याहारीनंतर मास्तरांना गोळी.

आणि अशा बाईंच्या घरात, त्यांच्या सख्ख्या नवऱ्याच्या आतड्यात, गेल्या वर्षापासून तीस जंत सुखाने नांदत होते. चुकून शिरलेले नव्हेत. मास्तरांनी त्यांना सही करून बोलावलं होतं.

कारण मुलगी. एकुलती एक, छापखान्यात नकाशे तपासणारी, हुशार आणि तिखट. नऊ वर्षांपूर्वी तिच्या आतड्याला सूज आली ती हटायचं नाव घेईना. औषधांनी चार महिने बरे जायचे, की पुन्हा रक्त, पुन्हा कळा. कुठल्याही इमारतीत शिरली की ती आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायची. घरी ती आत असली की मास्तर दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "पाणी आणू का?" आतून उत्तर यायचं, "नको, बाबा." नऊ वर्षांत बापाने मुलीसाठी काय केलं म्हणाल, तर एवढंच. कसलीही फाटलेली वस्तू हातात आली की दुरुस्त करणाऱ्या माणसाला याची फार लाज वाटे.

मग एकदा तिच्याबरोबर इस्पितळात गेले असताना भिंतीवरचा कागद दिसला: प्रयोगासाठी निरोगी माणसं हवीत. मास्तर सरळ आत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर बोलत.

"काका, आतड्यात जंत शिरले की शरीरातल्या पहाऱ्याच्या पेशी धावून जातात. आतडं सुजतं, आतून बुळबुळीत पाझर सुटतो, जंतांना बाहेर ढकलायची खटपट सुरू होते. पण हे चालूच राहिलं तर जंत राहतील बाजूला, आतडंच खराब होईल. म्हणून शरीर मागून दुसऱ्या पेशी पाठवतं, 'आता पुरे' म्हणणाऱ्या. जंत तर इतके लबाड, की तेही या पेशींना फूस देतात. त्यांनाही शांततेत राहायचं असतं ना."

"आणि आमच्या पोरीचं?"

"तिच्याकडे शत्रू कुणी नाही, तरी मारामारी चालू आहे. 'पुरे' म्हणणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही. थोडे जंत सोडले तर त्या पेशींचा आवाज वाढेल, असा आमचा अंदाज आहे. अंदाजच हं, काका, खात्री नाही."

मास्तरांना हे झटकन कळलं. शिलाई मशीनवर दोऱ्याचा ताण कमी झाला तर खाली गुंता होतो, जास्त झाला तर कापड चुणतं. मधला ताण साधणारी ती चिमुकली चकती फिरवता आली पाहिजे. मुलीची चकती अडकली होती, बस्स.

पण रोग्यांना द्यायला जंतांची पिल्लं हवीत, पिल्लांना अंडी हवीत, आणि अंडी तर माणसाच्याच पोटात तयार होतात. मास्तरांच्या दंडावर तीस पिल्लांचा थेंब ठेवून पट्टी बांधली; तिथून ती कातडीतून आत शिरून आपली आपण आतड्यापर्यंत पोचतात. दंडाला खाज सुटली. पुढे दोन-तीन आठवडे पोटात अशी काही धुमश्चक्री झाली, की मास्तरांनी मनातल्या मनात मृत्युपत्र करून टाकलं. मग एके सकाळी सगळं शांत. पहारेकरी आणि पाहुणे यांचं काहीतरी ठरलं असावं. तेव्हापासून मास्तर दर सोमवारी शर्टाच्या खोक्यात सकाळच्या शौचाची एक झाकणबंद डबी ठेवून प्रयोगशाळेत पोचवून येत. बाई समजत, कुणी मोठं गिऱ्हाईक लागलंय.

त्यांच्यासारखे आणखी दोघे होते. एकाने घाबरून नाव काढून घेतलं, दुसऱ्याचं लग्न ठरलं. उरले मास्तर. पुढच्या महिन्यात ज्या रोग्यांना पिल्लं द्यायची होती, त्यांत मुलीचं नाव होतं. पिल्लं कुणाकडची, हे तिला ठाऊक नव्हतं. आईला तर तिने "नवं औषध सुरू होणार आहे" एवढंच सांगितलं होतं. मास्तरांच्या पोटात जंताची एक गोळी गेली असती, तर औषधही गेलं असतं.

दोन रविवार निभावले. डाव्या गालात गोळी, उजव्या बाजूने चावल्याचं नाटक, जीभ वर, जीभ खाली, मग घाईघाईने बेसिन. तिसऱ्या रविवारी बाईंनी कपाटातून बाटली काढली.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"पातळ औषध. मागच्या खेपेला बेसिनमध्ये पांढरा चुरा सापडला मला. अहो, साठी उलटली तुमची, गोळी थुंकता?" बाईंनी झाकणात औषध मापून पुढे केलं. "घ्या."

मास्तरांच्या गालाने हात टेकले.

"मी नाही घेणार."

"का?"

"पोरीचं ते नवं औषध आहे ना," मास्तर म्हणाले, "ते माझ्या पोटात तयार होतंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दंड, पट्टी, डबी, खोकं. बाई ऐकत राहिल्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा झाला, की तीसच्या तीस जंतांचं धाबं दणाणलं असावं.

"बत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मी पोरांचे पांढरे पडलेले डोळे बघितले. या जंतांनी रक्त प्यायलेली पोरं. आणि तुम्ही त्यांना घरी आणून पोसता?"

"तीसच आहेत. दर महिन्याला रक्त तपासतात माझं."

"इकडे बघा." बाईंनी अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढली. मग दुसरी. लाली बरी होती. तरी त्यांनी पापणी सोडली नाही. "गुण नाही आला तर?"

"तर नाही आला. पण दाराबाहेर उभं राहून पाणी विचारण्यापेक्षा जास्त काहीतरी केलं असेल मी."

बाईंनी पापणी सोडली. त्याच दाराबाहेर नऊ वर्षं त्याही उभ्या राहिल्या होत्या, जरा मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. गावातल्या हजारो पोरांची पोटं त्यांनी बरी केली, स्वतःच्या एकीचं त्यांना करता आलं नव्हतं. हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, मास्तरांजवळही नाही.

औषध वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. झाकणातलं त्यांनी स्वतः पिऊन टाकलं, झाकण धुतलं, पुसलं, बाटलीला लावलं. मास्तर खुर्चीत तसेच बसून होते.

पाठमोऱ्या उभ्या राहूनच बाईंनी विचारलं, "तीसच आहेत म्हणता. तिला पुरतील ना?"