तारेचे दोन पदर

बिबवेवाडीत श्यामला विजेच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायची. नवरा रंगराव गेला, तेव्हा मागे दुकान राहिलं आणि त्याची एक शिकवण: त्याच कामाला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की आपली अब्रू गेली. म्हणून फ्यूज बांधताना श्यामला तारेचे दोन पदर घालायची. फ्यूज उडाल्याची तक्रार घेऊन कोणी फिरकत नसे. गिऱ्हाइकांच्या मोटारी तेवढ्या जळून यायच्या, त्या ती भरून द्यायची. दोहोंचा संबंध लावायला तिला कधी सवड झाली नाही.

लेक राजनंदिनी इंजिनिअरिंगला. कॉलेजच्या मुलींनी स्पर्धेसाठी रोबो केला होता. पाटाला चाकं लावावीत तसलं ध्यान. दुसऱ्याच्या रोबोला ढकलून जेरीस आणायचं, हा खेळ. मोटारीने किती वीज ओढायची ते नियमाने ठरलेलं. फ्यूज वीस अँपिअरचा, त्यावरचा चालायचा नाही. सरावात तो तीनदा उडाला.

"उद्या उडाला की संपलं, आई."

"मग मोठा लाव."

"तपासणीत आकडा बघतात. आणि उडतो तेच बरं असतं. तुला नाही कळायचं."

ते श्यामलाला लागलं. लेक आंघोळीला गेली तशी तिने फ्यूज उपसला, त्याच्या दोन्ही पात्यांना तांब्याची बारीक तार गुंडाळली, दुहेरी, आणि परत दाबून बसवला. वरून आकडा वीसच.

स्पर्धेच्या दिवशी तपासणाऱ्या सरांनी आकडा वाचला, खूण केली. खेळात समोरच्या रोबोने मुलींचा रोबो रिंगणाच्या कडेच्या फळीला दाबून धरला. चाकं अडली, मोटार वीज ओढत राहिली. फ्यूज उडायला हवा होता, तो उडाला नाही. तारा पेटल्या. आग बॅटरीला पोचेल म्हणून राजनंदिनीने हात घालून प्लग उपटला.

सरांनी फ्यूज काढून उजेडात धरला. "हे शहाणपण कुणाचं?"

राजनंदिनीने प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे पाहिलं. "माझं," म्हणाली.

श्यामला जागेवरच बसून राहिली. लेकीवर दोन वर्षांची बंदी आली.

महिन्याने भाजलेल्या उजव्या हाताची पट्टी सुटली, तर तीन बोटं मिटेनात. मिटतील असं डॉक्टरही म्हणेनात. दुसऱ्या दिवशी श्यामला सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"तार मी गुंडाळली. पोरीला ठाऊक नव्हतं."

"महिन्याने आठवलं का?"

"आठवत रोज होतं."

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. श्यामलाची शाळा चौथीपर्यंतची, तीन ओळी लिहायला अर्धा तास लागला. बंदी उठली.

"उठली? छान," राजनंदिनी घरी म्हणाली. "आता पाना धरायला हातही आण तेवढा." आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी गिरणीवाला शंभू दुकानात आला. "वहिनी, फ्यूज सारखा उडतोय. घाला नेहमीसारखे दोन पदर."

श्यामलाने एकच घातला. "उडाला की या, भाऊ."

"म्हणजे परत यायचं?"

"हो. परत यायचं."