व्हरांड्यात भरलेली शाळा

पुंजाजींनी आधी शाळेला कुलूप ठोकलं. मग पोरं टेम्पोत भरली आणि तालुक्याला नेऊन पंचायत समितीच्या व्हरांड्यात बसवली. मास्तर मिळेपर्यंत शाळा इथंच भरणार. पुंजाजी शाळा समितीचे अध्यक्ष, आणि आवाज असा की आतल्या टेबलांवरची माणसं बाहेर आली.

पण शाळा भरवायची तर शिकवायला कोणीतरी हवं. म्हणून मंजुश्रीलाही टेम्पोत घेतलं.

गावच्या शाळेत वर्ग चार आणि गुरुजी एक, तेही अर्धा आठवडा बैठकीला. चौथी मंजुश्रीच सांभाळायची. बिनपगारी. पुंजाजीच तेव्हा दारात येऊन म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही फक्त उभ्या राहा. गाव तुमच्या पाठीशी हाये."

ती माहेरची बऱ्हाणपूरची. डी.एड. मध्य प्रदेशातलं. लग्न होऊन इकडे आली आणि ते शिक्षण सीमेपलीकडेच राहिलं. ते इथं धरायचं की नाही, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. इकडचं ऑफिस तिकडे बोट दाखवी, तिकडचं इकडे. नवरा गणेश खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो चिडायचा, "काऊन मरून राह्यली फुकटात?"

"गाव म्हणन ना एक दिवस, का हे बाई शिकवते," ती म्हणायची. "गावानं म्हटलं का साहेबाले आयकाच लागते."

आज तो दिवस होता. टेम्पोत चढताना पुंजाजी म्हणाले होते, "साहेबासमोर तुमचं नाव काढतो, मॅडम."

तिनं व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं भागाकार मांडला. पोरं ओणवी झाली. सोबत आलेल्या गावकऱ्यांच्या घोषणा कधी थांबल्या, पोरांना कळलंही नाही.

गटशिक्षणाधिकारी बाहेर आले. जरा वेळ पाहत उभे राहिले.

"छान चाललंय की," ते म्हणाले. "मग तक्रार कशाची? गेल्या वर्षी संशोधनवाले आले होते ना तुमच्याकडे, पोरांचं वाचन तपासायला? त्यांच्या अहवालात तुमची चौथी तालुक्यात सगळ्यांत पुढं आहे. ज्या शाळांत पोरांना अक्षर येत नाही, तिथं देऊ शिक्षक, की तुम्हाला?"

हे पुंजाजींनी धरलं नव्हतं.

"शिकवतं कोण? ह्या बाई का?"

मंजुश्री उठली. खडूचा हात पदराला पुसला.

"ते कोणी नाही, साहेब," पुंजाजी म्हणाले. "आमच्या गणेशची बायको. पोरं सांभाळाले आणली."

"शिकवताहेत की."

"ते आपलं दाखवाले. मास्तरीण नाही ते. एमपीतून काहीतरी शिकून आली म्हणते. इथं कोण मानते त्याले?" मागे दोघं-तिघं हसले. "पोरं तं घरीच शिकली, साहेब. आपापल्या मायबापापाशी."

"म्हणजे चौथीच्या वर्गावर कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. "सोमवारी देतो," ते म्हणाले. गावानं टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. गावाला मास्तर मिळाला होता.

टेम्पोपाशी पुंजाजी तिच्याजवळ आले. "मनावर नका घेऊ, मॅडम. तिथं तसं बोलाव लागते."

"मॅडम कोणाले म्हणता, भाऊ?"

"आता हे पाहा! बरं, सोमवारी या तुम्ही. नवा माणूस. पोरं समजाले त्याले वेळ लागन."

"मायबापाले धाडा. त्याइनंच शिकवलं न."

"लय गरम झाली वो तू," पुंजाजींचा आवाज चढला. "गावाचं भलं झालं, ते दिसत नाही तुले?"

"दिसलं. सगळं दिसलं."

ती टेम्पोत बसली नाही. एसटीनं आली, एकटी.

सोमवारी हर्षल सर आले. तरुण, सरळ माणूस. शनिवारी ते तिच्या दाराशी उभे. "मॅडम, ती समीक्षा तोंडच उघडत नाही. वाचता येतं का तिला?"

येतं. तिच्या शेजारी बसायचं, तिच्याकडे बघायचं नाही, मग ती वाचते. मंजुश्रीच्या ओठांवर आलं होतं.

"घरी विचारा, सर," ती म्हणाली. "आमच्या गावात पोरं घरीच शिकते."

तिनं दार लावलं. कडी घातली.

समीक्षाचं घर भिंतीला भिंत लागून. सरांचा आवाज आला, मग समीक्षाच्या आईचा. "मले काय मालूम, सर? ते मॅडमले इचारा. त्याइनंच शिकवलं तिले."

सर परत आले. दोनदा कडी वाजली.

मंजुश्री दाराच्या आत उभी राहिली. तिनं कडी काढली नाही.